आईचं टेन्शन पोरात उतरतं? उंदरांचा पुरावा आणि माणसांचा

सोलापुरात पूर्व भागात विड्या वळताना कुणीतरी म्हणतंच, "पोटुशी असताना लई टेन्शन होतं, म्हणून पोरगं घाबरट."

उंदरांपुरता पुरावा भक्कम. २००४ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांना दिसलं, की आईने कमी चाटलेल्या पिल्लांच्या मेंदूत ताणाचं संप्रेरक ओळखणारं प्रथिन बनवणाऱ्या जनुकावर मिथाइलच्या खुणा (जनुकाचं काम मंदावणाऱ्या रासायनिक खुणा) जास्त असतात. त्यामुळे ताण लवकर ओसरत नाही. पिल्लं जास्त चाटणाऱ्या आईकडे दिली, की खुणाही बदलल्या. (हा प्रसूतीनंतरचा भाग, गरोदरपणाचा नव्हे!)

माणसांची लेकरं अशी अदलाबदल कोण करणार? जिवंत मेंदूऐवजी रक्त-लाळ तपासायची, आणि तिथल्या खुणा मेंदूतल्यासारख्याच असतील असं नाही. तंबाखूच्या धुरानेही त्या बदलतात. माझ्या मते माणसांबाबत तूर्त संशयच बरा. डिप्रेशनचा धोका खात्रीने सांगणारी अशी रक्तचाचणी तर नाहीच.