कर्नलमध्ये आयओएमएमयू सपोर्ट घालताय? पासथ्रू, स्ट्रिक्ट, लेझी की शेअर्ड पेज टेबल, काय घ्यायचं?

नवीन कर्नल लिहिताय किंवा असलेल्या कर्नलला आयओएमएमयू (डिव्हाइसच्या मेमरी ॲक्सेसवर पहारा ठेवणारं हार्डवेअर) शिकवताय, तर मोड कुठला घ्यायचा हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच येतो आणि बरेच जण तो बेंचमार्कचा एक आकडा बघून सोडवतात, तसं करू नका. इंटेलचं व्हीटी-डी, एएमडी-व्हीआय, आर्मचं एसएमएमयू, ॲपलचं डार्ट, नावं वेगळी पण मूळ काम एकच. डिव्हाइस डीएमए करताना, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरी वाचताना-लिहिताना, जो पत्ता टाकतं तो एका पेज टेबलमधून (पत्त्यांच्या भाषांतराच्या तक्त्यातून) जातो, टेबलमध्ये नोंद नसेल तर ॲक्सेस अडतो. हार्डवेअर इतकंच देतं. नोंद कधी घालायची, कधी काढायची, आणि काढल्यावर ती खरंच गेली का याची थांबून खात्री करायची की नाही, हे कर्नलने ठरवायचं. सगळी भांडणं त्या शेवटच्या मुद्द्यावरूनच होतात.

पासथ्रू सगळ्यात सोपं. फिजिकल पत्ता तोच डिव्हाइसचा पत्ता, मॅप-अनमॅपला जवळपास काहीच खर्च नाही. पण मग डिव्हाइसला अख्खी रॅम उघडी असते, फर्मवेअरमध्ये गडबड असेल किंवा ड्रायव्हरने चुकीचा पत्ता दिला तर कुठेही लिहिलं जाईल आणि तुम्हाला कळेल ते तासाभराने भलत्याच ठिकाणी क्रॅश झाल्यावर. शिवाय ज्या जुन्या डिव्हाइसला ३२ बिटच पत्ते कळतात ते ४ जीबीच्या वर पोचत नाही, म्हणजे तिथे बाउन्स बफर, म्हणजे डेटा कॉपी करून ठेवायची खालची मधली जागा, ठेवावाच लागतो (लिनक्स यासाठी डिफॉल्टला ६४ एमबी राखतं). एक गोष्ट मात्र पासथ्रूच्या बाजूने सांगायला हवी, होस्टची डिव्हाइसेस पासथ्रूमध्ये ठेवून व्हर्च्युअल मशीनला दिलेलं डिव्हाइस वेगळ्या डोमेनमध्ये (म्हणजे वेगळ्या पेज टेबलवर) टाकता येतं, त्यामुळे बंद खोलीतल्या, ओळखीचंच हार्डवेअर असलेल्या सर्व्हरला हा पर्याय पटतो. लॅपटॉपला अजिबात नाही.

स्ट्रिक्टमध्ये प्रत्येक अनमॅपला नोंद पुसायची, आयओटीएलबी (आयओएमएमयूने भाषांतरं लक्षात ठेवलेली कॅश) इनव्हॅलिडेट करायचा, म्हणजे त्यातली जुनी नोंद रद्द करायची, आणि हार्डवेअर "झालं" म्हणेपर्यंत थांबायचं. व्हीटी-डीमध्ये त्यासाठी इनव्हॅलिडेशन क्यू असते, तिच्यात कमांड टाकायची, मागोमाग वेट कमांड टाकायची आणि सीपीयू तिथे फिरत बसतो. ही क्यू प्रत्येक आयओएमएमयूमागे एकच, सगळे कोअर तिच्याच लॉकवर भांडतात, म्हणून जलद नेटवर्क कार्डवर प्रत्येक पॅकेटमागे अनमॅप करत बसलात तर थ्रूपुट चांगलाच आपटतो. पण याचा जो फायदा आहे तो बेंचमार्कमध्ये कधीच दिसत नाही: अनमॅप केल्यावर डिव्हाइसने लिहायचा प्रयत्न केला की त्याच क्षणी फॉल्ट येतो, कुठलं डिव्हाइस, कुठला पत्ता, सगळं हातात. नवीन कर्नलमध्ये ड्रायव्हर अजून कच्चे असताना याच्याइतकं उपयोगी डीबगिंगचं साधन दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे.

लेझी म्हणजे पेज टेबलमधली नोंद लगेच पुसायची पण फ्लश, म्हणजे आयओटीएलबी रिकामा करणं, साठवून एकदम करायचा. लिनक्समध्ये दर सीपीयूला २५६ नोंदींची क्यू असते, ती भरली किंवा १० मिलिसेकंद झाले की फ्लश. एक्स८६ वर लिनक्सचा डिफॉल्ट लेझी आहे, आर्मवर स्ट्रिक्ट. इथे डिझाइन करणाऱ्याने नीट लक्ष द्यावं अशी गोष्ट आहे. फ्लश होईपर्यंत तो आयओ पत्ता (डिव्हाइस वापरतं तो पत्ता) दुसऱ्याला द्यायचा नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, पेज टेबलची मोकळी झालेली पानंही तोवर सोडायची नाहीत हे थोड्यांच्या, पण खरं भोक वेगळंच आहे. बफरचं फिजिकल पेज तर ड्रायव्हरने केव्हाच ॲलोकेटरला परत दिलंय, तिथे आता दुसऱ्याच कुणाचा डेटा बसलाय आणि जुनी एंट्री आयओटीएलबीमध्ये शिल्लक असेल तर डिव्हाइस तो वाचू शकतं, लिहूही शकतं. विश्वासातल्या डिव्हाइसला ही खिडकी चालून जाते. बाहेरून पोर्टला कुणीही काहीही जोडू शकत असेल तर नाही.

आणि स्ट्रिक्ट घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. संरक्षण पेजच्या मापात मिळतं, सहसा ४ केबी. दीड हजार बाइटचं पॅकेट मॅप केलं की त्याच पेजवरचा कर्नलचा बाकी डेटाही डिव्हाइसला दिसतो. २०१९ मध्ये थंडरक्लॅप या नावाने जे हल्ले जाहीर झाले त्यात मॅकओएस, विंडोज, लिनक्स, फ्रीबीएसडी सगळेच सापडले, आणि त्यात आयओएमएमयू चालू असलेल्या मशीनही होत्या. लिनक्स आता बाहेरच्या पोर्टवरचं डिव्हाइस अविश्वासू धरतं, त्याला स्ट्रिक्ट लावतं, अर्धवट पेज असेल तर बाउन्स बफरमधून कॉपी करतं आणि एटीएस (डिव्हाइसने भाषांतरित पत्ते स्वतःकडे ठेवून वापरायची सोय) बंद ठेवतं.

कॉपी म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण २०१६ च्याच एका संशोधनात दाखवलं गेलं होतं की छोटे बफर कायमच्या मॅप केलेल्या जागेत कॉपी करणं हे दर वेळी इनव्हॅलिडेट करत बसण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. तेव्हा लहान पॅकेटला कॉपी आणि मोठ्या ट्रान्सफरला मॅप-अनमॅप हा मधला मार्ग मला तरी लेझीपेक्षा जास्त आवडतो. पेजेस मॅप केलेल्या ठेवून पुन्हा पुन्हा वापरणं हाही एक प्रकार आहे, वेगवान आहे, फक्त त्यात नेटवर्क स्टॅक पॅकेट तपासत असताना डिव्हाइसकडे लिहायचा हक्क असतोच, म्हणजे हेडर तपासल्यानंतर ते बदलू शकतं.

शेअर्ड पेज टेबल हा वेगळाच प्रांत. २० बिटचा पीएएसआयडी (कुठल्या प्रोसेसची टेबल्स ते सांगणारा क्रमांक) देऊन प्रोसेसचीच टेबल्स डिव्हाइसला वापरू द्यायची, पॉइंटर जसाच्या तसा द्यायचा, पेज नसेल तर डिव्हाइस पीआरआयमधून (पेज मागायच्या पीसीआयच्या सोयीतून) ते कर्नलकडे मागतं, म्हणजे फॉल्ट पाठवतं. जीपीयू आणि ॲक्सेलरेटरसाठी फार सोयीचं, पण कर्नलचं काम वाढतं: प्रोसेसची मॅपिंग बदलली की आयओटीएलबी आणि डिव्हाइसच्या आतली कॅश दोन्ही इनव्हॅलिडेट करायच्या, प्रोसेस मेली तर अडकलेले फॉल्ट आधी निपटायचे. आणि एटीएस चालू असलं की डिव्हाइस "हा पत्ता भाषांतरित आहे" म्हणेल त्यावर आयओएमएमयू विश्वास ठेवतं. सुरुवातीला याच्या वाटेला जाऊ नका.

मी निवडायचं म्हटलं तर मोड अख्ख्या सिस्टिमला एक असा ठेवणार नाही, डिव्हाइसप्रमाणे ठेवेन, नेमकं बोलायचं तर ग्रुपप्रमाणे (एकमेकांपासून वेगळी करता न येणारी डिव्हाइसेस एका ग्रुपमध्ये), कारण एसीएस (डिव्हाइसेसचं आपापसातलं बोलणं अडवणारी सोय) नसलेल्या पीसीआय एक्सप्रेस स्विचमागची डिव्हाइसेस आयओएमएमयूला वळसा घालून आपापसात बोलू शकतात. डिफॉल्ट स्ट्रिक्ट. आणि एपीआय पहिल्या दिवसापासून असं की ड्रायव्हरच्या हातात फिजिकल पत्ता पडताच कामा नये, मॅपने एक वेगळ्या टाइपचा पत्ता द्यायचा, दिशा सांगणं सक्तीचं, अनमॅप सक्तीचं. पासथ्रूवर सुरुवात केली की ड्रायव्हर अनमॅप विसरतात, काही बिघडत नाही म्हणून कुणाला कळत नाही, आणि दोन वर्षांनी आयओएमएमयू चालू करायला गेलं की एकेक ड्रायव्हर उघडून बसावं लागतं.

बूटच्या वेळेला फर्मवेअरने राखून ठेवलेल्या मेमरीची मॅपिंग आधी घाला, मग ट्रान्सलेशन चालू करा, नाहीतर पहिल्याच सेकंदाला फॉल्टचा पाऊस. एक्स८६ वर ४ जीबीच्या खाली इंटरप्ट मेसेजसाठी असलेला १ एमबीचा पट्टाही पत्ते वाटताना वगळायचा.

स्ट्रिक्ट हळू वाटला की लगेच लेझीकडे पळू नका, वेळ नक्की कुठे जातोय ते प्रोफाइल करून बघा. लिनक्समध्येसुद्धा आयओ पत्ते वाटणारा ॲलोकेटर एका लॉकमागच्या रेड-ब्लॅक ट्रीवर चालायचा आणि बरेच कोअर असले की तोच गळा आवळायचा, दर सीपीयूची कॅश २०१६ मध्ये आली. तुमचा वेळ तिथे जात असेल तर फ्लश पुढे ढकलून सुरक्षितता तेवढी जाईल, आधी ॲलोकेटर सुधारा आणि मग परत मोजा.