युद्धाच्या जुन्या फिल्मा: आपल्या हॉलमध्ये जॅक्सन दाखवावा की लोझनित्सा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडचं एखादं वाचनालय किंवा तरुण मंडळ युद्धाच्या जुन्या चित्रणातून जोडलेला सिनेमा दाखवायचं म्हणतं, तेव्हा पहिलं नाव निघतं पीटर जॅक्सनच्या 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड'चं (२०१८). पहिल्या महायुद्धातले कॅमेरे हाताने फिरवायचे, म्हणून त्यातली माणसं तुरुतुरु पळतात. जॅक्सनने मधल्या फ्रेम संगणकावर भरून वेग सारखा केला आणि रंग चढवले. सैनिक आघाडीवर पोचतात तेव्हा छोटी काळी-पांढरी चौकट पडदाभर पसरून रंगीत होते. अंगावर काटा येतो.

पण सिनेमाभर ब्रिटिश सैनिकांच्या आठवणी इंग्रजीत अखंड चालतात. आपल्याकडच्या वयस्कर फौजींना सबटायटल वाचणं जड जातं. शिवाय हे युद्ध पश्चिम आघाडीवरचं, म्हणजे फ्रान्स-बेल्जियमकडचं. मराठा पलटणी लढल्या त्या मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. त्यांतल्या १०३ आणि ११० क्रमांकाच्या पलटणी तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ ला कैद झाल्या.

वेढ्यातलं जगणं बघायचं तर सर्गेई लोझनित्साचा 'ब्लॉकेड' (२००५) घ्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वेढलेलं रशियातलं लेनिनग्राड, १९४१ ते १९४४. निवेदन नाही, मुलाखती नाहीत. बर्फात अडकलेल्या ट्रामगाड्या, रस्त्यातच भांड्यांत पाणी भरून घेणारी माणसं, कापडात गुंडाळलेलं प्रेत घसरगाडीवरून ओढत नेणारे घरचे लोक. मूळ फिल्म मूक. पावलं, करकर, गर्दीची कुजबुज हे सगळं नंतर तयार करून बसवलंय. जॅक्सनच्या रंगांइतकंच तेही रचलेलं आहे. तरी मला लोझनित्सा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण बघणाऱ्याला काय वाटावं हे तो कुणाच्या तोंडून वदवून घेत नाही. आणि मराठी-कन्नड घरांतली माणसं तो शेजारी बसून सारखाच बघू शकतात. आपल्या भागात ही लहान गोष्ट नव्हे.

येरवांत जानिकियान आणि अँजेला रिच्ची लुक्की यांचा 'ओ! उओमो' (२००४) मात्र पहिल्या खेळाला नको. चेहरे छिन्न झालेल्या सैनिकांकडे तो फार जवळून, फार वेळ बघायला लावतो.

'ब्लॉकेड' जेमतेम ५२ मिनिटांचा, म्हणजे नंतर बोलायला वेळ उरतो. मांडवातल्या भोंग्यांवर लावू नका. त्याचे बारीक आवाज तिथे हरवतील. बंद हॉल आणि बरे स्पीकर हवेत. शेवटी भरचौकातली फाशी आहे, तेव्हा लहान मुलांना आणू नका असं आमंत्रणातच लिहा.