वन-वेत उलटी सायकल: नुसती पाटी बरी की रंगवलेली पट्टी?

पणजीत सायकल चालवणाऱ्याला वन-वेचा जाच समजावून सांगायला नको. चार दुकानं मागे जायचं तर अख्खा वळसा, आणि वळसा टाळावा तर मध्ये आल्तिन्होचा चढ. सायकलींना वन-वेत दोन्ही बाजूंनी जाऊ द्या, अशी मागणी तुमच्याकडेही निघाली असेल तर लगेच पुढचा प्रश्न येतो. नो एंट्रीच्या खांबावर ‘सायकली वगळून’ एवढी पाटी लावून भागवायचं, की उलट येणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी रंगवून घ्यायची?

मी नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये गेंटला होतो तेव्हा दोन्ही प्रकार माझ्या रोजच्या वाटेवर होते. तिकडे २००४ पासून, जिथे पुरेशी रुंदी आहे आणि वेगमर्यादा ताशी ५० किंवा त्याहून कमी आहे, तिथे वन-वेत सायकलींना उलट वाट द्यायचीच असा नियम आहे. द्यायची नसेल तर धोका काय ते सांगावं लागतं. फ्रान्सने २००८ मध्ये ताशी ३० च्या भागांत हेच केलं. तेव्हा कल्पना काही जगावेगळी नाही.

कागदावर पट्टीच सरस दिसते. स्वतःची जागा मिळते, नवख्याला धीर येतो, घरचे मुलाला सायकलने पाठवायला तयार होतात. हे सगळं खरंच आहे.

माझं मन उडालं ते चारी इंडिकेटर लावून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणणाऱ्यांमुळे. गेंटला सामान पोचवणारी व्हॅन हमखास त्या पट्टीतच उभी असायची. सरळ जाणारा सायकलवाला अशा गाडीला वळसा घालतो तेव्हा मागची वाहनं निदान त्याच्याच दिशेने येत असतात. उलट जाणाऱ्याला मात्र पट्टी सोडून थेट समोरून येणाऱ्या गाडीच्या तोंडी जावं लागतं. तो गाडीवालाही निर्धास्त असतो, कारण सायकलीला तिची पट्टी दिलेली आहे ना! आपल्याकडे तर रंग वाळायच्या आत तिथे स्कूटरी लागतील. माझा अंदाज चुकला तर आनंदच आहे.

नुसती पाटी असलेल्या अरुंद गल्लीत अडवायला पट्टीच नसते. समोरचा आधी वेग कमी करतो, मग आपण. आपल्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि उलट येणारी सायकल त्याच्या उजव्या अंगानेच जाते, त्यामुळे नजरानजर झाल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. सरळ जाताना मात्र डाव्या कडेला उभ्या गाड्यांच्या ड्रायव्हरची दारं पाठमोरी, अचानक उघडतात. मला त्यांचीच जास्त धास्ती वाटते. तसं पाहिलं तर आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलीला पावाची टोपली बांधून, पों पों करत, गल्लीत दोन्ही बाजूंनी फिरतोच. त्याला कोणी वन-वे दाखवत नाही.

पाटीची दुखरी बाजूही सांगतो. सायकलीमागोमाग स्कूटरवाले घुसतील हा आक्षेप खोटा नाही, आणि भाड्याच्या गाडीवरचा पर्यटक तर मोबाईलकडे बघतच येतो. पण ते आजही घुसतात, आणि पट्टी दिली तर त्यांना ऐसपैस वाटच मिळेल. दुसरं म्हणजे गल्लीचं तोंड. आडव्या रस्त्यावरून वळणारा एकाच बाजूला बघून वळतो, तो दुसरीकडे बघत नाही. तिथे चार-पाच मीटर रंग आणि जमिनीवर सायकलीचं चित्र हवंच, आणि कोपऱ्यावर पार्किंग बंद. एवढ्यापुरता मीही रंगाच्या बाजूचा.

आमच्या गल्लीच्या अर्जात मी पाटीच लिहायला लावली: आत पाटी, तोंडाशी रंग. मळा किंवा फोन्तेन्यासारख्या बोळांच्या भागात राहत असाल तर बहुधा तुम्हालाही हेच पटेल.

अठरा जून रस्त्याची गोष्ट वेगळी. तिथे रुंदी आहे, गाड्या वेगात असतात आणि दोन्ही कडांना सारखी कोणीतरी गाडी लावत किंवा काढत असतं. तिथे नुसत्या पाटीच्या भरवशावर मी उलटी सायकल घालणार नाही. पट्टी हवी, तीही मध्ये कठडा घालून. तो होईपर्यंत मी आपला वळसा घेईन.