फिजिक्स, पाली की दर्शनशास्त्र? एका विटेवरून केलेली तुलना

माझी भाची एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. मागच्या रविवारी घरी आली अन् जेवण झाल्यावर सरळ विषयावरच आली, मामा पीएचडी करायची हे नक्की आहे पण कशात ते ठरत नाहीये, लॅबमध्ये मन लागतं, दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून आणलेली पालीची पुस्तकं पण खाली ठेववत नाहीत, आणि रात्री झोपायच्या आधी बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन वाचते. तिच्या आईचं म्हणणं एकच, नोकरी कशात आहे ते आधी बघ. दोघींचंही बरोबर आहे. मी स्वतः ल्युमिनेसन्सवर, म्हणजे तापवल्यावर वगैरे पदार्थातून निघणाऱ्या उजेडावर, पीएचडी केली, पुढे नोकरी सांभाळून पालीत एमए केलं आणि चार वर्षं एका शास्त्रीबुवांकडे न्याय, म्हणजे तर्काचं दर्शन, शिकलो, त्यामुळे तिन्ही ठिकाणी रोजचा दिवस कसा जातो ते मला माहीत आहे. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण अशा पेचात असलेली पोरंपोरी नागपुरात बरीच भेटतात.

सुरुवात एका विटेपासून करतो. नागपूरच्या महाल भागात आमचा जुना वाडा होता, तो पाडला तेव्हा देवघराच्या भिंतीतली एक वीट मी ठेवून घेतली. घरात सगळे सांगायचे की वाडा भोसल्यांच्या राज्यातला, म्हणजे १८५३-५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं त्याच्या आधीचा, आणि देवघर तर वाड्याहूनही जुनं. हे खरं की खोटं? फिजिक्सवाला, धर्माच्या इतिहासाचा अभ्यासक (पालीची वाट तिकडेच जाते) आणि दर्शनाचा माणूस हा एकच प्रश्न कसा हाताळतात ते बघ म्हणालो, तुझी निवड त्यातच आहे.

आधी लॅब. मातीत क्वार्ट्झचे कण असतात. युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचं बारीक रेडिएशन सतत चालू असतं, त्याने सुटलेले इलेक्ट्रॉन या कणांतल्या सापळ्यांमध्ये अडकत जातात. वीट भट्टीत भाजली की सापळे रिकामे होतात, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं, आणि तिथून पुन्हा भरणं सुरू. आता तीच वीट लॅबमध्ये तापवली की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटताना उजेड देतात, जितका उजेड जास्त तितकी वर्षं जास्त. साठलेला डोस भागिले दर वर्षीचा डोस, हिशोब एवढाच. पण हात घातला की कळतं काय काय आहे ते. काम सगळं अंधाऱ्या खोलीत, फक्त मंद लाल दिवा, विटेचा बाहेरचा दोनेक मिलिमीटरचा थर खरवडून टाकायचा, आतलं हलक्या हाताने कुटायचं, ॲसिडने धुवायचं, चाळायचं, मग कण छोट्या चकतीवर पसरून सेकंदाला ५ अंश या वेगाने तापवत न्यायचे. साधारण साडेतीनशेच्या आसपास स्क्रीनवरची रेघ वर चढायला लागते आणि तेव्हा श्वास रोखला जातो हो, कारण दोन-अडीचशे वर्षं आत कोंडलेला उजेड बाहेर पडतोय आणि तो एकदाच पडणार. तीच चकती दुसऱ्यांदा तापवली की काहीच नाही, गरम वस्तूची नुसती लालसर धग.

याची दुसरी बाजू पण सांगतो. उजेड मोजणारी ट्यूब गरम झाली की उजेड नसतानाही मोजत सुटते, आणि मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना लॅबचा एसी बंद पडला की त्या दिवसाचं काम संपलं. मी असताना मशीनचा एक भाग बिघडला, तो येईपर्यंत सात महिने गेले, त्या सात महिन्यांत मी फक्त जुने आकडे पुन्हा पुन्हा प्लॉट केले, गाईड समजूतदार होते म्हणून टिकलो. फिजिक्समध्ये तुझा वेळ तुझ्या एकटीच्या हातात नसतो हे आधीच कबूल करून आत जायचं.

विटेचं उत्तर आलं साधारण २१० वर्षं, अधिक-उणे २०. घरात सगळे खूश, बघा भोसल्यांच्याच काळातला! मी पण खूश होतो. शास्त्रीबुवांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, वीट तेव्हा भाजली हे कळलं, भिंत तेव्हा बांधली हे कशावरून?

इथेच दर्शन सुरू होतं आणि मला तो क्षण अजून आठवतो. जुन्या विटा दुसरीकडून आणून वापरायची पद्धत सगळीकडेच होती. न्यायात याला जागा आहे. धूर आहे म्हणून अग्नी आहे हे चालतं, पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच हे चालत नाही, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं इंधन लागतं, ती लपलेली अट म्हणजे उपाधी. माझ्या विटेच्या अनुमानात उपाधी होती ‘वीट नवीनच वापरली असेल तर’, आणि मी ती पाहिलीच नव्हती. लॅबमध्ये आम्ही एरर बार, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, काढायला शिकलो होतो, पण आकड्यावरून पुढच्या विधानावर उडी मारताना किती एरर येतो ते मला न्यायाने शिकवलं.

म्हणून दर्शनात पीएचडी म्हणजे नुसतं बसून विचार करणं असं ज्याला वाटतं त्याने एक कारिका, म्हणजे सूत्रासारखा छोटा श्लोक, घेऊन आठवडाभर बसून बघावं. बौद्ध विचारवंत वसुबंधूची विंशतिका घे. परमाणूला भाग नसतात असं तुम्ही म्हणता ना, मग सहा दिशांनी सहा परमाणू त्याला चिकटले तर त्याला सहा बाजू झाल्या, आणि सहाही एकाच जागी मावले तर सगळा ढीग एका परमाणूएवढाच, मग दिसणारी वस्तू बनली कशी? समोर वैशेषिकवाले, म्हणजे परमाणू मानणारं कणादांचं दर्शन, खिडकीच्या उन्हात तरंगणारा धुळीचा कण हाच त्यांच्यासाठी दिसू शकणारा सगळ्यात छोटा तुकडा, दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. हे वाचताना संस्कृत लागतं, बौद्ध बाजूला तिबेटी आली तर उत्तम, कारण कित्येक ग्रंथांचं मूळ संस्कृत हरवलं अन् तिबेटी भाषांतर तेवढं राहिलं. काही मूळ पोथ्या राहुल सांकृत्यायनांनी १९३० च्या दशकात तिबेटातून शोधून काढल्या, बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीचं प्रमाणवार्तिक त्यातलंच.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, कणादांनी ॲटम शोधला होता वगैरे सिद्ध करायला दर्शनात जाऊ नको. कणादांचा प्रश्न वेगळा होता, पद्धत वेगळी होती, आणि ती तिच्या जागी खूप मोठी आहे. ज्याँ पेरँने पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण मायक्रोस्कोपखाली मोजून मोजून अणू खरे आहेत हे दाखवलं, त्यासाठी त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. दोघांनाही एकाच माळेत ओवलं की दोघांचंही नुकसान.

आता धर्माचा इतिहास, आणि इथे मी जास्त वेळ घेणार, कारण नागपूरच्या माणसाला हा विषय अक्षरशः दारात आहे. रामटेकच्या वाटेवर मनसर लागतं, तिथल्या टेकडीवर मोठं विटांचं बांधकाम १९९० च्या दशकापासूनच्या उत्खननात मोकळं झालं. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. हान्स बाकर यांच्यासारखे संशोधक इथलं मुख्य मंदिर शैव, प्रवरेश्वराचं मानतात, तर दुसरीकडे हा बौद्ध विहार, नागार्जुनाशी जोडलेली जागा, असं मानणारे अभ्यासक अन् उपासक आहेत, रामटेकला नागार्जुनाच्या नावाची गुहा आहेच. लोकांची श्रद्धा अन् ओळख याच्याशी बांधलेली आहे, तू जे लिहिशील ते कुणाच्या तरी काळजाला लागणार, हे लॅबमध्ये होत नाही.

साधनं बघ काय काय लागतात. वाकाटकांचे ताम्रपट पेटिकाशीर्षक ब्राह्मीत, अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी, ते वाचायला डोळा बसावा लागतो. आपल्या नागपूरच्याच वा. वि. मिराशींनी हे सगळे लेख संपादून १९६३ मध्ये प्रसिद्ध केले, आजही कुणीही काम करायला बसलं की तिथूनच सुरुवात करतं. त्यातून कळतं की वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामीच्या पायाशी बसून दान देत होती, म्हणजे वैष्णव. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन मात्र शंभूभक्त. अन् तिकडे पवनीला, भंडारा जिल्ह्यात, १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडीवर खोदलं तर स्तूप निघाला, शिल्पावर ब्राह्मीत नाव कोरलेलं. एका पट्ट्यात इतक्या परंपरा एकमेकींच्या अंगावर अंग टाकून आहेत. माझ्या विटेसाठी पण शेवटी हीच वाट निघाली, चुलत आजोबांच्या ट्रंकेत मोडीतला एक कागद सापडला, तो वाचून घेतला तर त्यात देवघराची दुरुस्ती लिहिलेली. दुरुस्ती, म्हणजे आधीपासून होतं. किती आधी ते कागद सांगत नाही.

या तिघांची गाठ कुठे पडते ते बघायचं तर लुंबिनी. अशोकाच्या स्तंभावर लिहिलंय, इथे बुद्ध जन्मले. २०१३ मध्ये रॉबिन कनिंगहॅम यांच्या टीमने मायादेवी मंदिराच्या पोटात विटांच्याही खाली लाकडी खांबांच्या खड्ड्यांचे पुरावे मिळाल्याचं जाहीर केलं, कार्बन-१४ आणि ल्युमिनेसन्स दोन्ही लावून काळ काढला इसवीसनपूर्व सहावं शतक. फिजिक्सचं काम इथे संपलं. पण बुद्धाचं महापरिनिर्वाण इ.स.पू. ४८३ च्या सुमाराचं की ४०० च्या जवळचं यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे, ग्रंथपरंपरा तपासल्याशिवाय तो सुटत नाही. आणि तिसरा प्रश्न, ते खांब झाडाभोवतीच्या कुंपणाचे असं टीमचं म्हणणं, पण ते कुंपण बौद्धच होतं हे कशावरून, वृक्षपूजा तर त्याआधीपासून होती. उपाधी परत समोर. उलट दिशेनेही होतं. कण मोजण्याआधी त्याला निश्चित गुण असतो की नाही, हा वाद कित्येक वर्षं तत्त्वज्ञानाचा म्हणून बाजूला ठेवला होता, १९६४ मध्ये जॉन बेलने तो मोजता येईल असा मांडला, १९७२ ला क्लॉझर, १९८२ ला आस्पे यांनी प्रयोग करून तो मोजला, आणि २०२२ चं नोबेल या दोघांना झायलिंगरसोबत.

आता आईचा प्रश्न. फेलोशिपचे पैसे तिन्हीकडे सारखेच, जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,०००, पुढे एसआरएफला (सीनियर) ४२,०००, घरभाडं वेगळं. परीक्षा वेगळी, फिजिक्सला सीएसआयआर-यूजीसी नेट, पाली, इतिहास, दर्शनाला यूजीसी नेट. प्रवर्गानुसार बार्टी, महाज्योती, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, महाज्योतीचं ऑफिस तर नागपुरातच. वेळ नियमाने कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं. फिजिक्सचं प्रायोगिक काम पाचच्या आत क्वचित होतं आणि भाषा शून्यापासून शिकायची असेल तर पाली-संस्कृतवाल्यांनाही घाई नको. नोकरीत फिजिक्स स्पष्ट पुढे, कॉलेजशिवाय संशोधन संस्था, इंडस्ट्री, मटेरियल्सचं काम आहे. इतिहासाला पुरातत्त्व खातं, म्युझियम, कॉलेज, जागा थोड्या. दर्शनाला सगळ्यात थोड्या, हे लपवून कुणाला पाठवू नये.

नागपुरात सोय कशाची? विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात ल्युमिनेसन्सची परंपरा जुनी, भर फॉस्फरवर, म्हणजे उजेड देणाऱ्या मटेरियल्सवर. पाली-प्राकृत विभाग आहे, रामटेकला १९९७ पासून कालिदास संस्कृत विद्यापीठ. डेटिंगच, म्हणजे जुन्या वस्तूंचं वय काढायचं काम, करायचं तर अहमदाबादची पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी), कार्बनसाठी दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर किंवा लखनौचं बीरबल साहनी इन्स्टिट्यूट, म्हणजे घर सोडावं लागेल.

तिघांना एकत्र घेऊन एकच पीएचडी? महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आंतरविद्याशाखीय अभ्यास ही वेगळी विद्याशाखा आहे, कागदावर दार उघडं आहे. पण तीन विषयांचे तीन गाईड एका टेबलावर बसवणं पोरीच्या डोक्यावर येतं, आणि प्रत्येकाला वाटतं की खरं काम आपल्याकडचंच. माझं मत, पहिली पीएचडी एका घरची, पूर्ण.

भाचीला मी फिजिक्स सांगितलं, ल्युमिनेसन्समध्ये, नमुने मात्र जुन्या बांधकामांचे. कारण हातातलं कसब वय वाढल्यावर उचलणं कठीण जातं, अंधाऱ्या खोलीची सवय पंचविशीत लागते तशी चाळिशीत लागत नाही, पाली मात्र मी स्वतः चाळिशीनंतर शिकलो. पण तिच्या मैत्रिणीला, जी मशीनला हात लावताना कंटाळते अन् एका गाथेच्या तीन पाठांत कुठला जुना असेल यावर दोन दिवस जाग्रण करते, तिला मी पालीच म्हणेन, आईने कितीही समजावलं तरी. आणि दर्शन त्यालाच, ज्याला दोघांचंही ऐकून ‘कशावरून?’ विचारल्याशिवाय झोप येत नाही आणि ज्याच्या घरी पाच-सहा वर्षं नोकरीची घाई नाही.

सध्या ठरलंय एवढंच की अर्ज भरायच्या आधी ती तीन शनिवार देणार. एक अंधाऱ्या खोलीत, एक पालीच्या वर्गात, एक शास्त्रीबुवांच्या मुलाकडे, शास्त्रीबुवा आता नाहीत पण मुलगा शिकवतो. पहिला शनिवार झाला. विटेचा उरलेला अर्धा तुकडा मी तिला दिला होता, तिने त्याच्या दुसऱ्या कडेचे कण काढून ठेवलेत, आणि भिंतीतल्या चुन्यातही क्वार्ट्झची वाळू असते तर भिंतीचं वय त्यावरून निघेल का असं विचारतेय. वाळू मिसळताना तिच्यावर पुरेसं ऊन पडलं असेल तर निघू शकतं. वाडा पाडला तेव्हा चुना मी ठेवला नव्हता, शेजारच्या काकूंच्या परसात त्या भिंतीचा ढिगारा अजून पडलाय, उद्या जाऊन विचारतो.