पर्वतांच्या जुन्या उंचीचा माग काढणारी समस्थानिक प्रयोगशाळा: एक अनुभव
प्राचीन मातीतील चुनखडीच्या गाठी मी या प्रयोगशाळेकडे विश्लेषणासाठी पाठवल्या होत्या. ढग डोंगर चढताना ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा जास्त वजनाचा अणू) आधी पावसात उतरतो, त्यामुळे दर किलोमीटर उंचीमागे पावसातील त्याचे प्रमाण सरासरी हजारामागे २.८ भागांनी घटते आणि ती खूण गाठीत टिकते. बाष्पीभवनाने मात्र ती बिघडू शकते. म्हणूनच कार्बन-१३ (कार्बनचा जड समस्थानिक) व ऑक्सिजन-१८ यांच्या जोडबंधांवरून, म्हणजे हे दोन जड अणू गाठीत एकमेकांना किती प्रमाणात जोडलेले आहेत यावरून, प्रयोगशाळेने गाठ घडतानाचे तापमानही स्वतंत्रपणे काढून दिले, ही मला या सेवेची सर्वांत मोलाची बाजू वाटते. नंतर भरलेल्या स्फटिकांच्या पांढुरक्या शिरा टाळून, बारीक ड्रिलने चिमूटभर भुकटी काढण्याची त्यांची काळजी छायाचित्रांत स्पष्ट दिसते. अहवाल उशिरा आला, आणि उंचीच्या आकड्यासोबत अनिश्चितता दिलेली नव्हती, ती मागून घ्यावी लागली.