मुलांच्या लिम्फोमाचा रिपोर्ट: ठाण्यातली एक लॅब

मुलांच्या लिम्फोमाचे (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) रिपोर्ट देणाऱ्या नौपाड्यातल्या या लॅबची जमेची बाजू म्हणजे नमुन्याची शिस्त. सुईच्या तपासणीवर न भागवता अख्खी गाठ मागतात, ते योग्यच; पेशींची ठेवण दिसल्याशिवाय प्रकार ठरवणं अवघड. ताज्या गाठीचा एक तुकडा फ्लो सायटोमेट्रीसाठी (लेझरने पेशी ओळखण्याची चाचणी) सलाइनमध्ये, बाकीचे काप त्यांच्या आकारमानाच्या दहापट फॉर्मेलिनमध्ये (ऊतक टिकवणारं द्रावण). गाठ न कापता बुडवली तर आतला भाग खराब होतो आणि मार्कर (पेशींची ओळख सांगणारी प्रथिनं) फसवे येतात. (बायोप्सीआधी स्टेरॉइड मात्र देऊ नका, निदानच पुसलं जातं.)

मार्करचा संच भरपूर: सीडी२०, सीडी३, टीडीटी, सीडी३०, एएलके. बर्किटमध्ये (फार वेगाने वाढणारा लिम्फोमा) जवळजवळ १०० टक्के येणारा केआय-६७ (किती पेशी वाढतायत ते दाखवणारा मार्कर) आकड्यात लिहितात, हे फार मोलाचं.

खटकतं ते स्टेजिंग, म्हणजे आजार किती पसरलाय ते ठरवणं. लिम्फोमाचे हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन असे दोन गट; इथे नॉन-हॉजकिनलाही ॲन आर्बर ही स्टेजिंगची पद्धत लावतात. ती हॉजकिनसाठी, मुलांच्या नॉन-हॉजकिनला १९८० ची मर्फी पद्धत किंवा २०१५ ची सुधारित पद्धतच हवी. छातीच्या मध्यभागातली गाठ एकटी असली तरी मर्फीत तिसरी स्टेज, ॲन आर्बरने ती पहिली ठरू शकते. बोनमॅरोत (अस्थिमज्जेत) २५ टक्क्यांहून कमी लिम्फोमा पेशी म्हणजे चौथी स्टेज, २५ किंवा जास्त म्हणजे ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर). ही टक्केवारी मागून घ्या.