बाबांची गोळी आणि मावशीचं इंजेक्शन : जेनेरिक आणि बायोसिमिलर एकाच मापाने मोजू नका

आमच्या घरी सध्या दोन चिठ्ठ्या चालू आहेत, बाबांची बीपी-शुगरची आणि मावशीची ब्रेस्ट कॅन्सरची. बाबांच्या चिठ्ठीवर टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, मावशीच्या चिठ्ठीवर ट्रॅस्टुझुमॅब. प्रश्न दोन्हीकडे एकच, स्वस्तातलं घेतलं तर चालेल का, आणि शेवटी दोन्हीकडे आम्ही स्वस्तातलंच घेतलं. पण बाबांचं एका दुपारी ठरलं आणि मावशीसाठी दोन-तीनदा डॉक्टरांसमोर वही घेऊन बसावं लागलं. ज्यांच्या घरी असा निर्णय आत्ता अडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

औषध कंपन्यांच्या संघटना 'परवडणारी जेनेरिक आणि बायोसिमिलर औषधं' असं एका दमात बोलतात. जेनेरिक म्हणजे मूळ कंपनीचंच औषध दुसऱ्या कंपनीने बनवलेलं, आणि बायोसिमिलर म्हणजे जिवंत पेशींतून बनणाऱ्या औषधाची मिळतीजुळती आवृत्ती. त्यांना सरकारकडे मागणी मांडायची असते म्हणून त्यांचं ते ठीक आहे, आपल्याला मात्र हे दोन वेगवेगळे निर्णय घ्यायचे असतात.

आधी गोळी. मेटफॉर्मिन हा साधा छोटा रेणू आहे, कुठल्याही नीट कारखान्यात बनवला तरी तोच रेणू निघतो. त्यामुळे जेनेरिक कंपनीला सगळे प्रयोग नव्याने करावे लागत नाहीत, आपली गोळी घेतल्यावर रक्तात औषध मूळ गोळीइतकंच आणि तेवढ्याच वेळात पोचतं एवढं दाखवायचं असतं. त्यात ८० ते १२५ टक्के असा एक पट्टा असतो आणि तो ऐकला की लोक घाबरतात, म्हणजे औषध २० टक्के कमी पण चालतं का? तसं नाहीये. नुसती सरासरी नाही तर सरासरीच्या दोन्ही बाजूंची चूकभूल धरून सगळा आकडा त्या पट्ट्यात बसावा लागतो, म्हणून प्रत्यक्षातला फरक त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. भारतात पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या जेनेरिकला ही चाचणी २०१७ पासून सक्तीची झाली.

आता दुकानात काय होतं ते जरा सविस्तर सांगते कारण पैसे तिथेच जातात. आपल्याकडे 'जेनेरिक की ब्रँडेड' हा प्रश्नच अर्धा चुकीचा आहे, कारण मेडिकलमध्ये ज्याला आपण ब्रँडेड म्हणतो त्यातलं बहुतेक सगळं जेनेरिकच असतं, फक्त कंपनीने त्याला नाव दिलेलं असतं आणि ते नाव डॉक्टरांपर्यंत पोचवायला एमआर, म्हणजे कंपनीचे प्रतिनिधी, फिरत असतात. दुसरा प्रकार म्हणजे एमआर न फिरवता थेट दुकानदाराला विकलेला माल, ज्याला त्या धंद्यात ट्रेड जेनेरिक म्हणतात. हा दुकानदाराला फार स्वस्त पडतो पण पट्टीवर छापलेली एमआरपी मात्र भरपूर असते, म्हणजे सूट किती द्यायची ते दुकानदाराच्या मनावर. आम्ही एका मेडिकलमधून सहा महिने छापील किमतीला ज्या पट्ट्या घेत होतो त्याच पट्ट्या, तीच कंपनी तोच डोस, दुसऱ्या गावात तिसऱ्या हिश्श्यात मिळाल्या तेव्हा बाबांना खूप वाईट वाटलं, आणि मला राग आला कारण पेन्शनमधले पैसे होते ते. तिसरा प्रकार जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिकचं दुकान. ही योजना २००८ साली सुरू झाली, २०२५ च्या सुरुवातीला देशात १५,००० च्या वर दुकानं झाली होती, आणि तिथे स्वस्ताई थेट एमआरपीतच छापलेली असते, घासाघीस करावी लागत नाही. शिवाय दुकानात येण्याआधी प्रत्येक बॅचची तपासणी होते. अडचण एकच, नेहमी सगळा माल असतोच असं नाही, म्हणून आम्ही पट्टी संपायच्या आठ-दहा दिवस आधीच जातो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर शेड्यूल एच मधल्या (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या) औषधाच्या जागी दुसरी कंपनी द्यायची मुभा दुकानदाराला कायद्याने नाही. म्हणून दुकानात वाद घालून उपयोग नाही, डॉक्टरांनाच सांगायचं, ब्रँडचं नको, रेणूचं म्हणजे औषधाचं मूळ नाव लिहून द्या. आमच्या डॉक्टरांनी लगेच दिलं.

थांबायचं कुठे तेही सांगते. थायरॉइडची गोळी, फिट्सची फेनिटॉइन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमस, इथे डोसमधला थोडा फरकही जाणवतो. जेनेरिक घेऊ नका असं नाही, पण एक कंपनी धरली की तीच ठेवा आणि बदललीच तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या.

आता इंजेक्शन. ट्रॅस्टुझुमॅब हा रेणू कारखान्यात रसायनं मिसळून बनत नाही, जिवंत पेशी वाढवून त्यांच्याकडून ते प्रोटीन बनवून घ्यावं लागतं, आणि ते अ‍ॅस्पिरिनच्या रेणूपेक्षा आठशे पटीहून जड आहे. दोन कारखान्यांचं दही जसं हुबेहूब एक नसतं तसं हे, अगदी मूळ कंपनीच्याही दोन बॅच शंभर टक्के सारख्या नसतात. म्हणून याला जेनेरिक म्हणत नाहीत, बायोसिमिलर म्हणतात, म्हणजे परिणामात फरक पडणार नाही इतकं मिळतंजुळतं. ते सिद्ध करायला रचनेच्या चाचण्या आणि पेशंटवरचे अभ्यास लागतात, वर्षं जातात, भरपूर पैसा जातो. त्यामुळे इथे गोळीसारखी ८०-९० टक्के घसरण सुरुवातीलाच दिसत नाही. बायोकॉनचं ट्रॅस्टुझुमॅब २०१४ च्या सुरुवातीला आलं तेव्हा ४४० मिलिग्रॅमच्या बाटलीची किंमत ५७,५०० होती, मूळ औषध ७५,००० च्या आसपास होतं. तेव्हा कमी फरक वाटला असेल, पण नंतर आणखी कंपन्या आल्या, सरकारने कमाल किंमत बांधली आणि भाव उतरत गेला.

विश्वासाचं म्हणाल तर तेच बायोकॉन-मायलनचं औषध डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, मंजूर केलं, तिथलं ट्रॅस्टुझुमॅबचं ते पहिलं बायोसिमिलर. आणि २०२२ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने तिथे मंजूर झालेली बायोसिमिलर मूळ औषधाच्या जागी वापरता येतात असं स्पष्ट सांगितलं. हे वाचल्यावर माझी भीती गेली, मावशीची जायला मात्र डॉक्टरांनी तोंडाने सांगावं लागलं, आणि ते बरोबरच आहे.

पण इथे दुकानात जाऊन 'यातलं स्वस्त काय आहे' असं विचारायचं नसतं. कुठलं बायोसिमिलर ते पहिल्या डोसच्या आधी डॉक्टरांबरोबर ठरवा, त्या कंपनीच्या अभ्यासाबद्दल विचारा, आणि दर डोसला ब्रँडचं नाव आणि बॅच नंबर वहीत लिहा. बाटली २ ते ८ डिग्रीत राहायला हवी, बाहेरून आणणार असाल तर आईसबॉक्सशिवाय हातात घेऊ नका. अजून एक, ६० किलोच्या बाईला तीन आठवड्यांचा नेहमीचा डोस ३६० मिलिग्रॅम लागतो आणि बाटली ४४० ची, म्हणजे ८० उरतात. प्रिझर्वेटिव्ह घातलेल्या पाण्यात कालवलेली बाटली फ्रिजमध्ये २८ दिवस चालते, तेव्हा उरलेलं पुढच्या डोसला वापरता येईल का हे हॉस्पिटलच्या फार्मसीत आधीच विचारा. ब्रँड बदलून वाचतात त्याच्या जोडीला हे पण पैसे आहेत.

आता औषध कंपन्यांच्या संघटनांचं, कारण भाव ठरण्यात त्यांचा हात आहे. आयडीएमए, ओप्पी आणि आयपीए तिन्ही मुंबईतल्याच. ओप्पीत मुख्यतः परदेशी कंपन्या, त्यांचा भर पेटंट आणि संशोधनावर. आयपीएत मोठ्या भारतीय कंपन्या, आयडीएमएत लहान-मध्यम कारखानेही. भारतीय कंपन्यांचं आपल्यावर ऋण आहे हे मी मनापासून मानते. २००१ साली सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी एचआयव्हीचं तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं, जे श्रीमंत देशांत दहा हजार डॉलरच्या वर होतं. ग्लिव्हेक या ब्लड कॅन्सरच्या औषधाच्या पेटंटच्या केसमध्ये मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि भारतीय कंपन्या एकाच बाजूला उभ्या होत्या, आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं.

पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांना रेणूचं नाव लिहायला लावलं, तेव्हा डॉक्टरांची संघटना आयएमए आणि आयपीए दोघेही आरोग्यमंत्र्यांना भेटले आणि २३ ऑगस्टला तो नियम स्थगित झाला. विरोधाचं कारण दर्जा. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, प्रत्येक राज्यातली तपासणी सारखी कडक नाही. पण जगाला स्वस्त जेनेरिक पुरवतो असं सांगणाऱ्यांनी घरच्या चिठ्ठीवर मात्र ब्रँडच हवा म्हणावं, हे मला पटत नाही. दर्जाची काळजी असेल तर तपासणी कडक करा म्हणून मागे लागा, मी तुमच्यासोबत सही करायला येते.

कॅन्सरच्या औषधांचा भाव खरा कुणी पाडला असेल तर एकत्र खरेदीने. परळच्या टाटा मेमोरियलकडे ज्याची धुरा आहे त्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याने, हॉस्पिटलांची मागणी एकत्र करून ४० औषधं घेतली आणि ८० टक्क्यांच्या वर पैसे वाचले. तेव्हा मोठं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर पहिला फोन जवळच्या ग्रिडमधल्या हॉस्पिटलला करा, कंपनीच्या पेशंट-मदत योजनेला त्याच्यानंतर. मावशीचे पुढचे डोस आम्ही तसेच घेतोय, आणि बाबा स्वतः चालत जनऔषधीत जातात.